कॅन्सर बरा होणार नसेल, तरी उपचार थांबत नाहीत

‘आजार फार पुढे गेला आहे, आता घरी न्या’, असे मोठ्या रुग्णालयात ऐकून आलेली कुटुंबे उंद्रीसारख्या गावात डॉक्टरी करणाऱ्या माझ्यासारख्याला नेहमी भेटतात. रुग्ण सत्तरीच्या पुढचा असतो. सोबत रिपोर्टांची पिशवी आणि दोन मुलगे असतात. एक म्हणतो, ‘दोन एकर विकू, पण बाबांना मुंबईला नेऊ.’ दुसरा म्हणतो, ‘आता त्यांचे आणखी हाल नकोत.’ दोघांचीही माया खरी असते. मात्र ‘सगळे काही करणे’ आणि ‘काहीच न करणे’ यांच्यामध्ये उपचारांचा फार मोठा भाग आहे, हे दोघांनाही कोणी सांगितलेले नसते. त्या उपचारांनी आजार जात नाही, पण वेदना, उलट्या, धाप, जखमेची दुर्गंधी आणि रात्रीची तळमळ बरीच कमी करता येते. इंग्रजीत त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, मराठीत आपण उपशामक उपचार म्हणू. आजच्या लेखात त्याचीच माहिती घेऊ.

आधी आजार समजून घ्या

चौथी अवस्था म्हणजे मूळ अवयवातला कॅन्सर दूरच्या अवयवात पोहोचणे. अशा वेळी बहुतेक कॅन्सर मुळासकट जात नाहीत. मात्र सगळेच कॅन्सर सारख्या वेगाने वाढत नाहीत. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर हाडांत पसरलेला असला, तरी हार्मोनच्या इंजेक्शनांनी किंवा अंडकोष काढण्याच्या लहानशा शस्त्रक्रियेने अनेक वृद्ध काही वर्षे चांगली काढतात. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये रोज एक हार्मोनविरोधी गोळी घेऊन आजार दीर्घकाळ आटोक्यात राहतो. रक्ताच्या काही कॅन्सरवर गोळ्यांचे उपचार आहेत. उलट स्वादुपिंड, यकृत किंवा पित्ताशयाचा पसरलेला कॅन्सर वेगाने वाढतो व त्यावर औषधांचा परिणाम मर्यादित असतो.

म्हणून पहिला नियम असा, की एकदा तरी कॅन्सरतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय ‘आता काही उपयोग नाही’ असे घरच्या घरी ठरवू नये. तुकडा काढून तपासला, म्हणजे बायोप्सी केली, की कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. कोणता कॅन्सर आहे हे कळल्याशिवाय योग्य उपचार सांगता येत नाही.

वयापेक्षा ताकद महत्त्वाची

केमोथेरपी द्यायची की नाही हे नुसत्या वयावरून ठरत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा स्वतः आंघोळ करतात, ओट्यावर जाऊन बसतात, जेवतात, तर त्यांना सौम्य मात्रेतील औषध झेपू शकते. साठीचा माणूस दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ खाटेवर पडून असेल, तर तीच औषधे त्याला फायद्याऐवजी अपाय करण्याची शक्यता जास्त असते. उलट्या, जुलाब, तोंड येणे, पांढऱ्या पेशी कमी होऊन जंतुसंसर्ग होणे हे त्रास अशक्त माणसाला सोसत नाहीत. मूत्रपिंड, हृदय, मधुमेह यांचाही विचार करावा लागतो.

तज्ज्ञांच्या खोलीत गेल्यावर गोंधळायला होते. म्हणून पुढील पाच प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्यावेत.

१) हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे, आयुष्य वाढवण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी?
२) उपचाराने किती फरक पडेल, आठवड्यांचा, महिन्यांचा की वर्षांचा?
३) त्याचे त्रास कोणते, आणि त्यातले किती दिवस रुग्णालयात जातील?
४) उपचार घेतला नाही तर काय होईल, आणि त्या वेळी वेदनांसाठी काय करता येईल?
५) एकूण खर्च किती, आणि त्यातला किती शासकीय योजनेत बसतो?

या पाच उत्तरांनंतर जमीन विकण्याचा विचार करावा, त्याआधी नाही. काही आठवड्यांच्या अनिश्चित फायद्यासाठी विकलेले शेत पुढच्या पिढीला परत मिळत नाही. पोराबाळांना उघड्यावर टाकून स्वतःचे उपचार करावेत, असे बहुतेक आईवडिलांना वाटत नाही. त्यांना एकदा विचारून तर पाहा.

दोन्ही उपचार एकत्र चालू शकतात

उपशामक उपचार म्हणजे हात टेकणे, असा मोठा गैरसमज आहे. अमेरिकेतील बोस्टन येथे फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार दिले गेले. उरलेल्यांना त्याच उपचारांच्या जोडीला पहिल्यापासून उपशामक सेवा मिळाली. दुसऱ्या गटातील रुग्णांचे दिवस सुखाचे गेले, त्यांच्यात उदासी कमी होती आणि शेवटच्या काळात त्यांनी जहाल उपचार कमी घेतले. तरीही ते अधिक जगले. त्यांचे मध्यमान आयुष्य ११.६ महिने होते, पहिल्या गटाचे ८.९ महिने. म्हणून वेदना आणि इतर त्रासांवरचे उपचार निदानाच्या दिवसापासूनच मागावेत.

या उपचारांत केवळ गोळ्या नसतात. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्यावर अनेकदा रेडिएशनची म्हणजे ‘लाईट’ची एकच बैठक पुरते. एका बैठकीने मिळणारा आराम जवळपास अनेक बैठकांइतकाच असतो, फक्त काहींना ती पुन्हा द्यावी लागते. गावाहून शंभर-दीडशे किलोमीटर जाणाऱ्या रुग्णाने ‘एका बैठकीत होईल का?’ हे अवश्य विचारावे. जखमेतून होणारा रक्तस्रावही रेडिएशनने कमी होतो. अन्ननलिका बंद झाली असेल तर आत जाळीची नळी म्हणजे स्टेंट बसवून घास उतरू लागतो. पित्ताची वाट अडून कावीळ झाली असेल तर तिथेही स्टेंट बसवता येतो. छातीत किंवा पोटात साठलेले पाणी सुईने काढल्यावर धाप कमी होते.

वेदना आणि मॉर्फीनची भीती

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनांसाठी पायऱ्यांची पद्धत जगापुढे ठेवली. दुखणे सौम्य असेल तर पॅरासिटामॉलसारखी गोळी, मध्यम असेल तर ट्रामाडॉलसारखे औषध आणि तीव्र असेल तर मॉर्फीन. दुखणे तीव्र असेल तर मधली पायरी गाळून थेट मॉर्फीन सुरू करता येते. नस दाबून आग होत असेल, विजेसारख्या कळा येत असतील, तर निराळ्या गोळ्या जोडाव्या लागतात. औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे द्यावे. दुखणे असह्य झाल्यावर इंजेक्शन घ्यायला धावायचे, ही आपल्याकडची रीत चुकीची आहे. रोज कमरेत डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेतल्याने म्हाताऱ्या माणसाचे मूत्रपिंड बिघडते व जठरातून रक्तस्राव होऊ शकतो.

मॉर्फीन अफूपासून बनते. मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. असे असूनही १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील किचकट परवान्यांमुळे आपल्याच रुग्णांना हे औषध मिळणे वर्षानुवर्षे अवघड झाले होते. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फीनसह सहा औषधे अत्यावश्यक अमली औषधे ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणे सोपे झाले. तरी साध्या मेडिकल स्टोअरमध्ये ती सहसा मिळत नाहीत. त्यामुळे कॅन्सर रुग्णालयातून निघतानाच विचारावे, ‘मॉर्फीन कोठे मिळेल, आणि पुढच्या वेळी रुग्णाला न आणता कागदपत्रांवर नातेवाइकाला नेता येईल का?’

नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न असतो, ‘डॉक्टर साहेब, सवय तर लागणार नाही ना?’ दुखण्यासाठी योग्य मात्रेत घेतलेल्या मॉर्फीनचे व्यसन लागणे विरळा आहे. मॉर्फीन सुरू केले म्हणजे मरण जवळ आले, हेही खरे नाही. काही रुग्ण ते घेऊन महिनोन्‌महिने हिंडतात-फिरतात. पहिले दोन-तीन दिवस गुंगी व मळमळ जाणवते, मग ती कमी होते. बद्धकोष्ठ मात्र टिकून राहते. म्हणून पहिल्याच दिवसापासून पोट साफ होण्याची गोळी सोबत लागते. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला इसबगोल देऊ नये, ते आतड्यात अडकू शकते. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी, आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलपात ठेवाव्यात.

घरची शुश्रूषा

कॅन्सर शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी झोपल्याने होत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करू नये. नातवंडांना त्याच्यापासून तोडू नये.

पडून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. कंबर, टाचा व खांदे रोज पाहावेत. कातडी लाल दिसली तर तिथे चोळू नये, त्या जागेवरचा भार काढावा. हवेची गादी भाड्याने मिळाली तर उत्तम. तोंड दिवसातून चार वेळा मीठ किंवा खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने स्वच्छ करावे. जिभेवर पांढरा थर दिसला तर ती बुरशी असू शकते. त्यावर औषध आहे.

आपल्या भागात तंबाखू, खर्रा व गुटख्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण पुष्कळ आहेत. गालाची जखम बाहेर फुटली की वास येतो आणि घरचेसुद्धा दूर बसू लागतात. रुग्णाला हे दुखण्याहून अधिक लागते. डॉक्टरांना दाखवून मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर टाकल्याने वास बराच कमी होतो. जखम उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवावी व माश्यांपासून झाकावी. रक्तस्रावाची शक्यता असेल तर गडद रंगाचे टॉवेल जवळ ठेवावेत, पांढऱ्या कापडावरचे रक्त पाहून रुग्ण घाबरतो. धाप लागत असेल तर उशा लावून बसते करावे, खिडकी उघडावी, चेहऱ्यावर पंख्याचा वारा द्यावा आणि भोवतीची गर्दी कमी करावी.

जेवण आणि सलाईन

‘मायला दोन दिवसांपासून जेवण नाही, एक सलाईन लावून द्या,’ ही मागणी मला जवळजवळ रोज ऐकावी लागते. सलाईनच्या बाटलीत मुख्यतः पाणी, मीठ किंवा थोडी साखर असते. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झाले असेल तर तिचा उपयोग आहे. मात्र कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात भूक शरीराच्या आतील बदलांमुळे मंदावते. तेव्हा रोजच्या सलाईनने ताकद येत नाही. उलट पाय सुजतात, छातीत पाणी साठते आणि घशात घरघर वाढते.

मागेल तेव्हा, मागेल ते, दोन-तीन घास द्यावे. ज्वारीच्या कण्या, मुगाचे पातळ वरण, ताक, भगर, अंडे, दूध, जे रुचेल ते चालेल. पथ्याच्या नावाखाली आवडीचे पदार्थ बंद करू नयेत. शपथा घालून भरवूही नये. खात नाही म्हणून आजार वाढत नसतो, आजार वाढल्यामुळे खाणे कमी झालेले असते.

‘बाबांना सांगू नका’

रिपोर्ट माझ्या हातात देताना मुलगा डोळ्यांनी खूण करतो, ‘त्यांच्यासमोर बोलू नका.’ त्यामागची काळजी मी समजतो. परंतु वारंवारच्या फेऱ्या, दबक्या आवाजातले बोलणे आणि भेटायला येणाऱ्यांचे चेहरे पाहून रुग्णाने बहुधा ओळखलेले असते. मग घरातील प्रत्येक जण एकमेकांपासून तेच लपवत बसतो आणि रुग्ण एकटा पडतो. त्यांच्यावर सत्य लादू नये. आधी विचारावे, ‘बाबा, आजाराविषयी तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?’ त्यांना नको असेल तर थांबावे. हवे असेल तर हळूहळू, खोटी आशा न दाखवता आणि ‘दुखू देणार नाही’ हे वचन देऊन सांगावे.

वडीलधाऱ्या माणसाची कामे राहिलेली असतात. शेताच्या वाटण्या, उसनवारीचा हिशेब, सासरी गेलेल्या लेकीशी दोन शब्द, अबोला धरलेल्या भावाची भेट, शेगावला एकदा दर्शन. वेळ थोडा आहे हे माहीतच नसेल तर ही कामे ते कधी करणार?

कोठे जावे?

चिखली-खामगाव परिसरातील रुग्णांना अकोल्याचे संत तुकाराम हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय त्यातल्या त्यात जवळ पडतात. मुंबईत परळला १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. मात्र अशक्त वृद्धाला तिथे नेण्याआधी रिपोर्ट घेऊन नातेवाइकाने जवळच्या तज्ज्ञाला भेटावे. तिथे होणारा उपचार जवळ होत असेल तर प्रवास व मुंबईतील मुक्कामाचे हाल वाचतात. घरी सांभाळणे अशक्य झालेल्या रुग्णांसाठी मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आणि पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. दोन्ही ठिकाणी सेवा विनामूल्य आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्यापुढील वयाच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मानचे वेगळे कार्ड मिळते. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटावे, पैसे नंतर भरावेत. ‘हमखास गुण’ सांगून हजारो रुपयांच्या पुड्या विकणाऱ्यांपासून सावध राहावे. त्यांच्या सांगण्यावरून वेदनांच्या गोळ्या बंद करू नयेत.

थांबू नये अशी लक्षणे

पाठ दुखत असताना पायांतली ताकद अचानक जाणे किंवा लघवी अडणे हे कण्यातील मज्जारज्जू दबल्याचे लक्षण असते. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठले तरच पाय वाचण्याची शक्यता राहते. केमोथेरपी चालू असताना थंडी वाजून ताप येणे, झटके येणे, न थांबणारा रक्तस्राव, अचानक वाढलेली धाप किंवा शीळ घातल्यासारखा श्वास, यांतही सकाळची वाट पाहू नये.

शेवटचे दिवस

गिळणे कमी होते, झोप वाढते, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. ही शरीर निरोप घेत असल्याची खूण आहे. अशा वेळी व्हेंटिलेटर लावल्याने कॅन्सर मागे फिरत नाही, फक्त माणूस आपल्या माणसांपासून काचेपलीकडे जातो. वेदनांचे औषध मात्र चालूच ठेवावे. गिळता येत नसेल तर ते दुसऱ्या मार्गाने देता येते. तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. ओल्या कापसाने ओठ भिजवावेत. तुळशीचे पानही ओठांवर टेकवले तरी पुरे. घशात घरघर वाजत असेल तर कुशीवर वळवावे. ऐकू येत असेल असे समजूनच बोलावे आणि हात हातात धरावा.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम यंत्रांवर ठेवू नये, असे वैद्यकीय इच्छापत्र कोणीही सज्ञान व्यक्ती करून ठेवू शकते. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ते सोपे झाले. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. औषध देऊन जीव घेण्याशी याचा काही संबंध नाही. ते कायद्याला मान्य नाही. घरी मृत्यू झाल्यास २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी.

सेवा करणाऱ्यांकडेही लक्ष द्या

सेवेचा सगळा भार बहुधा घरातील सून किंवा वृद्ध पत्नी यांच्यावर पडतो, आणि सल्ले द्यायला मात्र सारे गाव येते. रात्रीच्या पाळ्या भावंडांनी वाटून घ्याव्यात. पुण्या-मुंबईच्या मुलाने पैसे पाठवून न थांबता महिन्यातले चार दिवस येऊन उशाशी बसावे. केरळात कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टर व नागरिकांनी अशी सेवा सुरू केली. पुढे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी ती गावोगावी घराघरांत नेली. आपल्याकडे आशाताई आहेत, तरुण मंडळे आहेत. आठवड्यातून एक तास एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी जाऊन त्याची कूस बदलायला मदत करणे कोणत्याही गावाला जमण्यासारखे आहे.

‘आमच्याकडे आता उपचार नाहीत’ असे कोणी म्हणाले, तर शांतपणे विचारा, ‘आजारावर नसतील, पण दुखण्यावर कोणते आहेत?’ त्या प्रश्नाचे उत्तर मिळवणे हा प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे. ते उत्तर गावातल्या डॉक्टरांना दाखवा. पुढची बरीचशी सेवा घरी, त्यांच्या स्वतःच्या खाटेवर होऊ शकते.